कालिंदीबाईंचा बाहेर राहिलेला श्वास

डॉक्टर बिराजदारांनी तपासून सांगितले की कालिंदीबाई शिरधनकरांचा श्वास संपलेला नाही, तो बाहेर राहून गेला आहे.

हे खारवेळच्या आरोग्य केंद्रात, सकाळच्या गर्दीत, सगळ्यांसमोर सांगितले गेले. मी तिथे रक्तदाब दाखवायला गेलो होतो. मी गावडे, खारवेळ नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागात वरिष्ठ लिपिक. पुढे या प्रकरणात नगरपंचायतीचा संबंध आला आणि ते माझ्याकडे सोपवले गेले, म्हणून मला हे पहिल्यापासून माहीत आहे.

"बाहेर म्हणजे कुठे?" सुलभाने विचारले. सुलभा ही कालिंदीबाईंची मुलगी. आमच्या बस स्टँडवर ती नियंत्रक आहे. गाडी लागली की माइकवरून तीच सांगते, त्यामुळे तिचा आवाज गावात सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

"काचेत," डॉक्टर म्हणाले. "बघा, माणूस फुगा फुगवतो, पण तो कधीतरी फुटतो, हवा मोकळी होते. बाईंचं तसं नाही झालं. त्यांनी जन्मभर फुंकलं आणि फुंकलेलं सगळं वरून बंद केलं. गेलेला श्वास परत फिरलाच नाही."

डॉक्टर मूळचे लातूरकडचे, वयाने तरुण. आमच्याकडे येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, पण त्यांचे निदान सहसा चुकत नसे.

"औषध?"

"औषध नाही. अडकलाय तिथून काढायचा. त्यांनी केलेला गोळा नाकाजवळ धरून फोडायचा. काचेतला श्वास मुरलेला असतो, एक गोळा चार-सहा दिवस पुरेल."

कालिंदीबाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. त्यांना तेव्हा दोन-तीन शब्दांपुढे दम पुरत नसे. त्यांनी हात वर केला.

"कुठला... गोळा?"

"कुठलाही. तुमच्या हातचा असला म्हणजे झालं."

"कुठलाही... नाही," कालिंदीबाई म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

कालिंदीबाई कोण, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. खारवेळची वाळू पांढरी आहे. त्या वाळूच्या जोरावर गावात एके काळी काचकारखाना होता, आणि तिथे मासेमारीच्या जाळ्यांना बांधायचे काचेचे बोये होत. बोया म्हणजे नारळाएवढा, आतून पोकळ, चहूबाजूंनी बंद गोळा. तो पाण्यावर तरंगतो आणि जाळे वर धरून ठेवतो. कालिंदीबाईंचे वडील भट्टीत कोळसा टाकत. त्या स्वतः परकर-पोलक्यात होत्या तेव्हापासून शेडमध्ये बसून बोये पेंढ्यात बांधत. बायकांनी फुंकणीला हात लावायची पद्धत नव्हती. फुंकणी म्हणजे ती लांब लोखंडी नळी, जिच्या एका टोकाला वितळलेली काच असते आणि दुसऱ्या टोकाला माणूस.

एका वर्षी गावात गालगुंडांची साथ आली. गालगुंडे झालेला माणूस फुंकू शकत नाही. सगळे कारागीर गाल सुजवून घरी बसले, आणि भट्टी तर विझवता येत नव्हती. तेव्हा कालिंदीने फुंकणी उचलली. साथ ओसरल्यावर कारागीर परत आले. मुकादमाने मुलीने केलेला बोया हातात घेऊन फिरवला, उजेडात धरला, पुन्हा फिरवला. त्यानंतर तिला पेंढ्याकडे परत पाठवायचा विषय कोणी काढला नाही.

पुढे प्लास्टिकचे बोये आले आणि कारखाना बंद पडला. बाकीचे कारागीर पांगले. कालिंदीबाईंनी अंगणात स्वतःची छोटी भट्टी बांधली आणि बोये करण्याऐवजी त्या नुसते गोळे करू लागल्या. आता त्या गोळ्यांना जाळे धरायचे नव्हते, दुसरे काहीच करायचे नव्हते, त्यामुळे ते फार सुंदर झाले. एका गोळ्यात दुसरा गोळा, त्याच्या आत तिसरा, कुठेही कशाला न टेकलेला. एकाचा रंग भरतीच्या पाण्याचा, दुसऱ्याचा ओहोटीच्या. मला त्यातले कळत नाही, पण मी एवढे सांगू शकतो की त्यांचा गोळा उचलला तर हातात काही आल्यासारखे वाटत नसे, आणि खाली ठेवला की हात रिकामा झाल्यासारखा वाटे. मुंबईला प्रदर्शने झाली, दिल्लीला सत्कार झाला. परदेशातली माणसे आमच्या स्टँडवर उतरून त्यांच्या घराचा रस्ता विचारू लागली. खारवेळमध्ये असे घर नाही की ज्याच्या ओसरीवर त्यांचा एक तरी गोळा टांगलेला नाही. मुलीच्या लग्नात आम्ही तो देतो.

लोक त्यांना फुलदाणी मागत, सुरई मागत. त्या देत नसत. "उघड्या तोंडाचं भांडं म्हणजे अर्ध्यात सोडलेलं काम," असे त्या म्हणत. इतर कारागिरांनी आयुष्यभर बरण्या आणि दिव्यांच्या चिमण्या केल्या. तोंड कापले की त्यांचा श्वास मोकळा होई, आणि ते सगळे रीतसर म्हातारे झाले. कालिंदीबाई मात्र प्रत्येक गोळ्याच्या भोकावर काचेचा थेंब सोडून ते बंद करत आल्या. डॉक्टरांच्या निदानात म्हणूनच कुणाला शंका वाटली नाही.

नगरपंचायतीने रिक्षा फिरवली. घोषणा सुलभाच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केली होती: ज्यांच्याकडे कालिंदीबाई शिरधनकर यांचा श्वास आहे त्यांनी तो त्यांच्या घरी आणून द्यावा. लोकांनी लगेच आणला. कुणी टोपलीत, कुणी उशीच्या अभ्र्यात, कुणी सुनेच्या शालूत गुंडाळून. त्या दिवशी शिरधनकरांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एकही गोळा वाटेत फुटला नाही.

कालिंदीबाई ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या. मी शेजारी हातोडी घेऊन उभा. पहिला गोळा शिंपी गुरवांनी आणला होता. बाईंनी तो उजेडात धरला.

"जाडी बघ," त्या मला म्हणाल्या. "सगळीकडून... सारखी. फोडायचा नाही."

दुसरा पाहिला. "हा पावसाळ्यातला. लाकूड ओलं होतं. तरी बघ... कसा उतरलाय. नेऊन टांग."

तिसरा, चौथा, त्यामागचे सगळे. एकेक गोळा हातात घेताना त्यांचा चेहरा उजळे, आणि दम मात्र घटत जाई. दुपारपर्यंत सगळी गल्ली आपापले गोळे परत घेऊन गेली. सुलभा दारात उभी राहून हे पाहत होती.

"आई, तू हे काय चालवलंयस? एक तरी फोडू दे."

"चांगलं काम... फोडायला... मी काय वेडी आहे?"

"मग वाईट शोधा," डॉक्टर म्हणाले. ते मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच आले होते. "बाई, एखादा तरी बिघडला असेल की तुमच्या हातून."

या प्रश्नावर कालिंदीबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. एक होता, म्हणाल्या. पोस्टमनच्या आईकडे. तो आणला. खरोखरच एका बाजूने जरा दबलेला होता. त्यांनी मान हलवली, मी हातोडी मारली. फट्ट असा आवाज झाला, आणि कालिंदीबाईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास आत घेतला. आम्ही सगळ्यांनी पाहिले, त्यांचे खांदे वर आले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "सुलभा, चहा टाक सगळ्यांना आणि गावड्याला साखर कमी."

संध्याकाळपर्यंत मात्र त्यांना ताप होता. तो गोळा त्यांनी तापात फुंकला होता, म्हणूनच तो बिघडला होता. डॉक्टरांनी सांगितले की हे अपेक्षित आहे.

अशा रीतीने आम्ही गावभर बिघडलेले काम शोधू लागलो. ते फार थोडे मिळाले. मला त्या काळात एकीकडे काळजी वाटे आणि दुसरीकडे अभिमान वाटे. वाईट गोळा न मिळणे ही आमच्या गावाच्या दृष्टीने नामुष्कीची गोष्ट नव्हती. शेवटी तांडेलांच्या होडीघरात, जुन्या जाळ्यांच्या ढिगाखाली, एक बोया सापडला. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, मधे बुडबुडे. कालिंदीबाईंनी तो नुसता पाहिला आणि म्हणाल्या, "फोड. आधी फोड."

फोडला. ओसरीवर विडीचा वास पसरला. कालिंदीबाईंना जोराचा खोकला आला. मग त्या खुर्चीत रेलल्या, एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि माझ्याकडे विडी मागितली. त्यांनी जन्मात कधी विडी ओढली नव्हती.

"हा तुमचा श्वास नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाहीच," बाई म्हणाल्या. "हा भिकाजीचा. त्याच्या कामाची जात लपत नाही."

भिकाजी मयेकर हा कारखान्यातला जुना कारागीर, गालगुंडे झालेल्यांपैकी एक. आता ऐंशीच्या घरात, वरच्या वाडीत राहणारा. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी तो काठी टेकत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला की त्याचा श्वास त्याला न विचारता वापरला गेला आहे. नियमाप्रमाणे दोन्ही बाजू ऐकणे भाग होते, म्हणून मी त्याला घेऊन शिरधनकरांकडे गेलो.

"गो कालिंदे," भिकाजी म्हणाला, "माझो श्वास घेतलंस?"

"घेतला. पाहिजे तर परत घे."

"श्वासाचा काय नाय. श्वास माझ्याकडे रग्गड आसा." तो ओसरीच्या पायरीवर बसला. "पण तू बोयो वाईट म्हणान फोडलंस, असा गाव सांगता."

कालिंदीबाईंनी फुटलेल्या काचा कागदात ठेवल्या होत्या. त्यांनी त्या पुढे केल्या. भिकाजीने एक तुकडा उचलला, जाड कडेवरून अंगठा फिरवला, मग पातळ कडेवरून.

"त्या दिवशी भट्टी थंड होती," तो म्हणाला.

"भट्टी थंड असली की हात आवरायचा, भिकाजी."

"व्हय." त्याने तुकडा परत कागदात ठेवला. "फोडलंस ता बरा केलंस. माझ्या नावान तो तरंगत ऱ्हवलो असतो." मग म्हणाला, "चलता काय पण? माझो श्वास?"

"चालतो. जरा कडू आहे."

डॉक्टरांनी नळी लावून पाहिले आणि सांगितले की व्यवस्थित चालतो आहे. श्वास स्वतःचाच पाहिजे असे काही नाही, तो काचेतून आलेला असला म्हणजे पुरे. हे ऐकल्यावर पुढची गोष्ट सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली. गावात श्वास भरपूर होता. तो काचेत घालायचा तेवढा बाकी होता.

कालिंदीबाईंनी अट घातली. अंगणात गाव जमले होते आणि भिकाजीचा श्वास अजून पुरत होता, त्यामुळे त्या सलग बोलू शकल्या. "मला श्वास द्यायला म्हणून कोणी माझ्या फुंकणीला तोंड लावणार नाही. शिकायचं असेल त्याने यावं. जीव लावून शिकावं. बिघडेल ते मी फोडीन, जमेल ते राहील. कबूल असेल तर उद्यापासून भट्टी पेटती ठेवते."

कबूल झाले.

मी पहिल्या दिवसापासून गेलो. काच भट्टीतून फुंकणीवर घेणे म्हणजे काठीवर मध घेण्यासारखे असते, फक्त तो मध सूर्यासारखा तापलेला असतो आणि खाली सांडायला सारखा उतावीळ असतो. फुंकणी एकसारखी फिरवत राहावी लागते. फिरवणे थांबले की काच लगेच कुठल्या तरी बाजूला कलते. मग लोखंडी पाट्यावर ती घोळायची, ओल्या लाकडी वाटीत गोल करायची, आणि फुंकायचे. जोरात नाही. बाई म्हणत, "गरम दुधावर फुंकतोस तसं. काचेला कळता कामा नये." मी फुंकलेल्या काचेला नेहमी कळत असे.

"गावडे, हे काय आहे?" माझा पहिला गोळा बाहेर आला तेव्हा त्यांनी विचारले.

"गोळा आहे."

"हा बटाटा आहे." त्यांनी तो फोडला, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "सकाळी घावणे खाल्लेस."

ताजा श्वास मुरलेला नसतो, तो एखादा दिवसच पुरतो. पण आम्ही पुष्कळ जण होतो. भजनी मंडळाच्या बुवांचा गोळा फुटला त्या दिवशी कालिंदीबाईंनी सकाळपासून ताना घेतल्या. फौजदारीणबाईंचा फुटला तेव्हा त्यांनी गल्लीतली वाहतूक सुरळीत केली. बालवाडीच्या बाईंच्या श्वासावर त्या दिवसभर सगळ्यांशी फार गोड बोलल्या आणि त्याची आम्हाला थोडी भीती वाटली. भिकाजी रोज येई, पायरीवर बसे आणि लोकांच्या चुका त्यांच्या आधी सांगे. गावातल्या माणसांनी एकमेकांचे श्वास असे बाहेरून कधी पाहिले नव्हते.

मग अडचण सुरू झाली. लोकांना जमू लागले.

आधी बुवांना जमले. त्यांचा गोळा बाईंनी उजेडात धरला, फिरवून पाहिला. "टांगा," एवढेच म्हणाल्या. मग फौजदारीणबाईंना. मग पोस्टमनला, मग एकाच आठवड्यात तिघा-चौघांना. ओसरीच्या वाशांना नवे गोळे लोंबू लागले. सकाळी उन्हे आली की भिंतीवर त्यांचे रंग हलत, आणि कालिंदीबाई खुर्चीत बसून वर पाहत राहत. त्या चांगल्या शिकवत होत्या. त्यांना वाईट शिकवता येत नव्हते. त्यांची वाक्ये पुन्हा तुटू लागली.

"बाई, एक तरी फोडा ह्यातला," डॉक्टर म्हणत.

"ह्यातला... कुठला?" त्या विचारत, आणि डॉक्टरांना बोट दाखवता येत नसे.

त्या दिवसांत भार बहुतेक माझ्यावर होता. माझी मुळीच प्रगती झाली नाही. मी मन लावून करीत असे आणि प्रत्येक वेळी बटाटाच होत असे. याबद्दल गावात कोणी मला कधी हसले नाही. उलट लोक मला रस्त्यात थांबवून विचारत, "आजचा कसा झाला?" मी सांगे, "वाईट." आणि ते समाधानाने पुढे जात.

सुलभा आजवर भट्टीकडे फिरकली नव्हती. लहानपणापासूनच नाही. आता दुपारची ड्यूटी सुटली की ती येऊ लागली. गणवेशातच, बाह्या सारून. आणि तिचे गोळे माझ्याहून वाईट होत. एकाला शेपूट आले. एक मधेच चपटा झाला. एक तर गोळाच नव्हता. कालिंदीबाई ते फोडत, श्वास घेत आणि मुलीकडे पाहत. असे काही दिवस चालले.

एका दुपारी सुलभाने दोन बाजूंना दोन पोटे आलेला एक गोळा आणून पुढे ठेवला. मी हातोडी उचलली. कालिंदीबाईंनी माझा हात धरला.

"हे मुद्दाम... केलंस."

सुलभाने सारलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"गावड्याचं बघ. त्याला... येत नाही. त्याची काच... धडपडते. तुझी काच... गोल व्हायला जात होती. तू... होऊ दिली नाहीस."

"मग काय झालं?" सुलभा म्हणाली. स्टँडवरून गाड्या सांगताना येतो तोच तिचा खणखणीत आवाज. "श्वास श्वासच आहे ना? फोड आणि घे."

"न जमलेलं... फोडते. लबाडी... नाही."

"आई, मी लहान होते तेव्हा तुला हाक मारायचे आणि तुझ्या तोंडात फुंकणी असायची. तू बोटाने थांब म्हणायचीस. मी थांबायचे. शाळेतून येऊन थांबायचे, जेवायला थांबायचे. सगळ्या गावाच्या ओसरीवर तुझा श्वास टांगलाय, आपल्या घरात तुला बोलायला पुरायचा नाही. आता मी म्हणते थांब. तर थांब ना जरा."

अंगणातली माणसे आपापल्या हातांकडे पाहू लागली. भिकाजीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कालिंदीबाईंनी मुलीला जवळ बोलावले, आणि तिच्या बाहीवर उडालेली राख हाताने झटकली. ते करताना त्यांना दम लागला.

"थांबते," त्या म्हणाल्या. "पण तू... नीट कर."

"आणि जमलं तर?"

"जमू दे की."

सुलभाने फुंकणी घेतली. भट्टीचे दार उघडले तसा तिचा चेहरा लाल झाला. तिने काच घेतली, आणि आम्हाला तेव्हाच कळले, कारण काच तिच्या फुंकणीवर आल्याबरोबर शांत झाली. ती फिरवत होती आणि तिचे तिलाच कळत नव्हते की ती फिरवते आहे. पाट्यावर घोळली, लाकडी वाटीत वळवली. मग तिने फुंकणी ओठाला लावली. त्याच वेळी गल्लीतून कुणीतरी तिला हाक मारली. तिने वळून न बघता एक बोट वर केले: थांब. कालिंदीबाई हे पाहत होत्या. काच हळूहळू मोठी झाली, जशी पहाट मोठी होते, अमुक एका क्षणी झाली असे म्हणता येत नाही. भिकाजी पायरीवरून उठून उभा राहिला. शेवटी सुलभाने गोळा फुंकणीवरून सोडवला, भोकावर थेंब सोडला आणि तो निवायला ठेवला.

गोळा सावकाश निवावा लागतो, नाहीतर तडकतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर निघणार होता. तोवर बाईंना पुरेल असा माझा एक बटाटा शिल्लक होता.

सकाळी आम्ही सगळे अंगणात होतो. डॉक्टरही होते, शिल्लक श्वास दुपारपर्यंत जेमतेम जाईल असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. सुलभाने गोळा आणून आईच्या ओंजळीत ठेवला. तो साधा होता. रंग नाही, आत दुसरे काही नाही. कालिंदीबाईंनी तो उजेडात धरला, फिरवला, आणि फिरवतच राहिल्या. त्यांना त्यात काहीतरी सापडेल म्हणून त्या पाहत नव्हत्या. बघणे संपू नये म्हणून पाहत होत्या.

"फोड, आई," सुलभा म्हणाली. "मी रडणार नाही."

कालिंदीबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांना शब्दालाही दम उरलेला नव्हता. त्यांनी गोळा छातीशी धरला, आणि आम्ही पाहत असताना त्यांचे खांदे वर आले. पाठ सरळ झाली. पदराखाली छाती भरत गेली, भरत गेली आणि भरून राहिली. कुठे काही फुटले नव्हते. हातोडी माझ्याच हातात होती.

डॉक्टर पुढे आले. त्यांनी नळी पाठीला लावली, मग पुढे लावली, मग पुन्हा पाठीला.

"काय?" मी विचारले.

"ऊर भरून आलाय," डॉक्टर म्हणाले आणि नळी गळ्यात अडकवली.

"किती पुरेल?"

"पूर्ण भरलाय. सध्या काही करायची गरज नाही."

सुलभाच्या ड्यूटीची वेळ झाली होती. कालिंदीबाई म्हणाल्या, "चल, मी पण येते." कित्येक महिन्यांत त्या गल्लीबाहेर पडल्या नव्हत्या. त्या गोळा दोन्ही हातांत धरून मुलीच्या बरोबरीने स्टँडपर्यंत चालत गेल्या, वाटेत कुठेही टेकल्या नाहीत. डॉक्टर आणि मी मागे होतो. स्टँडवर कणकवलीची गाडी लागलेली होती. सुलभा माइकसमोर बसली. कालिंदीबाई बाहेर बाकापाशी उभ्या राहिल्या आणि जो प्रवासी येईल त्याच्यासमोर गोळा धरून, मधे एकदाही न थांबता सांगू लागल्या, "हा माझ्या मुलीने केला, काल दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, कुणी हात लावला नाही, कुणी सांगितलं नाही, बघा कसा सगळीकडून सारखा आहे, इथून बघा, आता इकडून बघा, नीट धरा, घाबरू नका, तिचं पहिलंच काम आहे हे, आणि अजून ती कितीतरी करणार आहे."

ड्रायव्हरने खाली उतरून गोळा हातात घेतला. कंडक्टरने घेतला. मग गाडीतल्या माणसांनी खिडक्यांतून हात बाहेर काढले, आणि गोळा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत असा सबंध गाडीभर फिरून परत आला. कणकवलीची गाडी त्या दिवशी उशिरा सुटली. कोणी तक्रार केली नाही.